आठ किलोमीटरच्या अलीकडे

तमिळनाडू सरकारने ४ नोव्हेंबर २०२३ रोजी राज्याच्या सर्व ३८ जिल्ह्यांत प्रत्येकी आठ किलोमीटरचा आरोग्यपथ सुरू केला. ‘नडप्पोम, नलम पेरुवोम’, म्हणजे ‘चालू या, आरोग्य मिळवू या’, असे त्याचे नाव. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लोकांनी या मार्गावर एकत्र चालावे आणि तेथेच रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, अशी ही योजना. कल्पना टोकियोतील अशाच एका मार्गावरून सुचलेली. ती आणणारे तेव्हाचे आरोग्यमंत्री मा. सुब्रमणियन स्वतः मुरलेले मॅरेथॉन धावपटू. एखाद्या राज्य सरकारने औषधाच्या आधी चालण्याचा विचार करावा, ही आपल्याकडे अपूर्वाईच. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. तरीही तंजावरच्या रस्त्यांवरून हिंडताना मला सारखे वाटत राहिले, की या धोरणाचे माप चुकीच्या माणसाच्या अंगावरून घेतले गेले आहे.

आठ किलोमीटर म्हणजे ढोबळमानाने दहा हजार पावले. या आकड्याला वैद्यकशास्त्रापेक्षा विक्रीकलेचा आधार अधिक. १९६५ मध्ये जपानमध्ये विकावयास आलेल्या एका पाऊलमापकाचे नावच ‘दहा हजार पावले मोजणारे’ असे होते. तेथून तो आकडा जगभर रूढ झाला. प्रत्यक्ष पुरावा याहून सौम्य आणि म्हणूनच अधिक आशादायक आहे. हार्वर्डच्या आय-मिन ली व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले; साडेसात हजारांच्या पुढे मात्र लाभ वाढेनासा झाला. धडधाकट माणूस मुळातच अधिक चालतो, त्यामुळे यातील सारे श्रेय पावलांना देता येणार नाही, हे खरे. पण हाच कल पुढे इतर देशांतील माहितीतही दिसला: सर्वांत मोठा फायदा पहिल्या थोड्या पावलांचा असतो, शेवटच्या हजारांचा नव्हे.

निव्वळ निरीक्षणावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांच्यासाठी चेन्नईतच झालेला प्रयोग आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचे गट पाडून त्यांचा तीन वर्षे पाठपुरावा केला. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार सांभाळून रोज अर्धा तास चालण्यास सांगितलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढेच साधले आणि दोन्ही एकत्र केल्याने अधिक काही मिळाले नाही. दक्षिण भारतीय शरीरावर, दक्षिण भारतीय आहारात सिद्ध झालेली ही गोष्ट आहे; तिच्यासाठी टोकियोपर्यंत जाण्याची गरज नव्हती.

मग चालत कोण नाही? देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीतून पुढे आला. पाठोपाठ २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासाने सांगितले, की भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. ‘आमच्या बायकांचा व्यायाम घरकामातच होतो’ हे वाक्य मी मंत्र्यांपासून डॉक्टरांपर्यंत अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. या मोजमापात घरकाम धरलेलेच असते. ते धरूनही ५७ टक्के! कावेरीच्या खोऱ्यात आयुष्यभर वाकून भाताची लावणी केलेल्या बाईच्या श्रमांना व्यायाम म्हणणे तर आणखी क्रूर. त्या श्रमांनी तिला दुखरी कंबर आणि झिजलेले गुडघे दिले. आता तिला हवी ती हालचाल हळू, आपल्या वेगाने करता येणारी आणि मध्येच थांबता येणारी.

अशी हालचाल तंजावरात एका ठिकाणी सहज घडते. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराचे बाहेरचे प्रांगण सुमारे २४० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद आहे. भिंतीलगत एक फेरी जवळजवळ सातशे मीटरची भरते. संध्याकाळी वृद्ध स्त्रिया सुनेबरोबर, शेजारणीबरोबर प्रदक्षिणा घालतात, ओवरीत टेकतात, पुन्हा उठतात. दोन फेऱ्या म्हणजे त्यांच्या आखूड पावलांनी दोन हजारांहून अधिक पावले. २,७०० आणि ४,४०० यांमधील सारे अंतर तेवढ्यात भरून निघते. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला मराठी शिलालेख याच मंदिराच्या भिंतीवर आहे. मराठी पाहुणा तो पाहतो आणि निघतो. क्षणभर थांबून त्याने या चालणाऱ्या बायकांकडेही पाहावे. येथे वाहन नाही, तिकीट नाही, जमीन सपाट आहे, बसायला जागा आहे आणि बाईने एकटीने रेंगाळण्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

अर्थात मंदिर हे आरोग्यधोरण होऊ शकत नाही. ज्याच्या तळपायाची संवेदना मधुमेहाने बोथट झाली आहे, त्याने उन्हाने तापलेल्या दगडांवर अनवाणी चालणे धोक्याचे. भाजल्याचे त्याला कळतही नाही. शिवाय शहरातील सगळेच मंदिरात जाणारे नसतात. घ्यायचे ते या जागेचे गुण: सावली, सपाटी, विसावा, सोबत. मंदिराबाहेर पाऊल टाकताच हे चारही संपतात. राजवाड्याभोवतालच्या जुन्या रस्त्यांवर पदपथ असला तर त्यावर मोटारसायकली उभ्या. नसला तर गटाराची हलती झाकणे. तंजावर २०१६ मध्ये स्मार्ट शहरांच्या यादीत आले. साठी ओलांडलेल्या माणसाला घरापासून पाचशे पावलांवर बसायला बाक मिळतो की नाही, हा प्रश्न तेव्हा कोणी मध्यवर्ती मानला नाही.

नियमांची वानवा नाही. भारतीय रस्ते परिषदेने २०१२ मध्ये पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर ठरविली. चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये पादचारी व सायकलस्वारांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले; पुण्याने २०१६ मध्ये रस्तारचनेचे नियम केले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क जीविताच्या हक्कात समाविष्ट असल्याचे सांगितले. आणि पुण्यातील पेठांत गुडघेदुखीची बाई अजूनही रस्त्याच्या मधूनच चालते.

तमिळनाडूकडे महाराष्ट्राजवळ नसलेले एक साधन मात्र आहे. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यात सुरू झालेली ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ ही योजना रक्तदाब-मधुमेहाची औषधे घरपोच देते. गरजूंच्या घरी फिजिओथेरपिस्टही पाठवते. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिचा गौरव केला. गोळ्या घेऊन येणारी स्वयंसेविका ही, महिनोन्‌महिने घराबाहेर न पडलेल्या माणसापर्यंत पोहोचणारी बहुधा एकमेव सरकारी व्यक्ती. तिने गोळ्यांबरोबर दोन गोष्टी विचाराव्यात: खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येते, आणि काल दारापासून कुठवर गेलात? पुढच्या भेटीत त्याच नोंदीशी ताडून पाहावे. रुग्णाची नोंद चिकाटीने ठेवण्याची या शहराला परंपरा आहे. सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे, रोगी डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहेत.

स्वयंसेविकेला मिळालेली उत्तरे नगरपालिकेच्या अभियंत्यापर्यंत जायला हवीत. एका गल्लीतील दहा जणी ‘कोपऱ्यापर्यंतच जातो, पुढे गटार उघडे आहे’ असे सांगत असतील, तर ते झाकण बसवणे हा आरोग्याचा खर्च आहे आणि तो आरोग्यखात्याच्या निधीतून करता आला पाहिजे. आज तो करता येत नाही, कारण झाकण हे स्थापत्याचे आणि गुडघा आरोग्याचा, अशी वाटणी आहे. महाराष्ट्रात आशा सेविका घरोघरी जातातच. त्यांच्यावर आणखी एक नोंदवही लादण्यापूर्वी त्यांचे मानधन वाढवावे लागेल, आणि त्या नोंदवहीतील एक रकाना तरी नगर अभियंत्याने दर महिन्याला सही करून परत पाठवायचा, असे शासन निर्णयातच लिहावे लागेल.