लेसरलाही गार पाणी लागते

गेल्या पंधरवड्यात आमच्या ओळखीच्या एक भगिनी सकाळीच दारात आल्या. रडून रडून डोळे सुजले होते. त्यांचा मुलगा एका छापखान्यात प्लेट काढण्याच्या मशीनवर रात्रपाळी करतो. मशीनमधले लेसरचे डोके जळाले, आणि 'तुझ्या हलगर्जीपणाने नुकसान झाले, पगारातून कापून घेऊ' असे मालकाने त्याला सुनावले. भगिनी म्हणाल्या, "भाऊ, पोरगा म्हणतो पाण्यामुळे झालं. उजेडाच्या मशीनला पाणी कशाला लागतं, ते तुम्हीच सांगा."

प्रश्न साधा, पण त्यावर एका घराचा महिन्याचा किराणा अवलंबून. आपल्या समाजातील कितीतरी मुले आज छापखान्यांत अशा यंत्रांवर काम करतात. तेव्हा आजचे सदर याच प्रश्नाला देत आहोत.

पूर्वी मजकुराची फिल्म काढीत आणि फिल्मवरून ॲल्युमिनियमच्या प्लेटवर छाप घेत. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून फिल्म मागे पडत गेली. आता संगणकावरचे पान लेसर थेट प्लेटवर उमटवतो. या मशीनला कामगार सीटीपी म्हणतात. त्यातील पुष्कळ मशीनमध्ये ८३० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, डोळ्याला न दिसणारा लेसर असतो. त्याच्या उष्णतेने प्लेटवरील लेप बदलतो आणि अक्षर उमटते. इंचाला २,४०० ठिपके, म्हणजे दोन ठिपक्यांत साधारण साडेदहा मायक्रॉन अंतर. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी याच्या कितीतरी पट असते.

लेसर जन्मापासूनच तापट. पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी १९६०मध्ये चालवून दाखवला. १९६४मध्ये विल्यम ब्रिजेस यांनी आरगॉन वायूचा लेसर शोधला. त्याचा निळा-हिरवा प्रकाश पुढे चित्रे उमटवण्याच्या कामी आला. पण मोठ्या आरगॉन लेसरमधून थोडे वॅट प्रकाश मिळवायला दहा किलोवॅट आणि त्याहून जास्त वीज ओतावी लागे. बाकी सगळी उष्णता! ती न्यायला नळीभोवती सतत पाणी खेळवावे लागे. आजचे डायोड लेसर खूप काटकसरी आहेत. तरीही दिलेल्या विजेपैकी साधारण निम्मीच प्रकाश होते, उरलेली तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान जागेत उष्णता होऊन बसते.

या उष्णतेचा त्रास तीन प्रकारचा. पहिला, डायोड तापला की प्रकाशाची लांबी सरकते, दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर. दुसरा, भिंगे आणि त्यांना धरणारे धातूचे भाग प्रसरण पावतात, प्रकाशाचा नेम ढळतो आणि ठिपका फिसकटतो. तिसरा, डायोड सतत तापत राहिला की त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. प्लेटही तापमानाला हुलकावणी देत नाही. एक मीटर ॲल्युमिनियम एका अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढते. खोली पाच अंशांनी तापली तर वाढ ११५ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ अकरा ठिपके. चार रंगांच्या चार प्लेट वेगवेगळ्या तापमानाला निघाल्या, तर फोटोतल्या माणसाचा ओठ एका जागी आणि लाली दुसऱ्या जागी. म्हणून त्या खोलीत एसी असतो. तो कामगाराच्या आरामासाठी नसतो.

आता भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. पंख्याने का भागत नाही? तापलेला तवा पंख्याखाली ठेवा आणि तसाच दुसरा नळाखाली धरा, फरक कळेल. तेवढ्याच आकारमानाची हवा आणि पाणी घेतले, तर एका अंशाला पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलते. मिनिटाला एक लिटर पाणी डोक्यामागून फिरले आणि एका अंशाने तापून बाहेर आले, तर सुमारे ७० वॅट उष्णता घेऊन आले असे समजावे. शेजारी जी पेटी घरघरत असते तिला चिलर म्हणतात. तिच्यात फ्रीजसारखी यंत्रणा असते. माठातले पाणी पाझरून, उडून गार होते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. चिलरमधले पाणी बंद नळीतून तेच ते फिरते. म्हणून ते चांगले असावे लागते.

१९८१मध्ये अमेरिकेत टकरमन आणि पीझ या संशोधकांनी सिलिकॉनमध्ये ५० मायक्रॉन रुंदीच्या बारीक चऱ्या कोरून त्यांतून पाणी खेळवले. चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॅट उष्णता त्यांनी नेऊन दाखवली. त्याच वाटेने पुढे जास्त शक्तीच्या लेसर डायोडमागे बारीक चऱ्यांचे थंडक आले. अशा चरीत नळाचे पाणी गेले तर काय होईल? घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तो पाहा. क्षार बसले, शेवाळ धरले की वाट बुजते. पाणी अडले की डायोड क्षणांत जळतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटर किंवा मशीन बनवणाऱ्याने सांगितलेलेच द्रव भरायचे असते.

फार गार करूनही चालत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हवा ३० अंश आणि दमटपणा ८० टक्के असला, तर २६ अंशांच्या खालच्या कोणत्याही वस्तूवर दव धरते. गार पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसाच. एसी बंद आणि चिलर २० अंशांवर चालू राहिला, तर लेसरच्या डोक्यालाच घाम फुटेल.

त्या मुलाला आम्ही बोलावून घेतले. तो सांगू लागला. चिलरचा दिवा आठ दिवस पाणी कमी असल्याचे दाखवत होता. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आला नाही. वरचा माणूस म्हणाला, "नळाचं भर." पुढे भोंगा वाजू लागला, तर त्याची तारच काढून टाकली. मुलाने दोनदा सांगितले होते, पण तोंडी! कागदावर एक ओळ नाही.

आम्ही त्याच्यासोबत बसून तारीखवार अर्ज लिहिला. कायद्याने कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय नुकसानीची रक्कम पगारातून कापता येत नाही, आणि नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालेले असावे लागते. १९३६च्या वेतन कायद्यात हे होते, २०१९च्या वेतन संहितेतही आहे. दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरने फिल्टर उघडला, तर आत पांढरा थर आणि हिरवे शेवाळ. त्याने तसे लिहून दिले. कपात थांबली. मुलाला मात्र 'चूक झाली' असे कोणी म्हटले नाही.

अशा मशीनवर काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना चार गोष्टी सांगून ठेवा. पाळी सुरू होताना चिलरची पातळी आणि तापमान वहीत तारीख घालून लिहा. बिघाड सांगाल तो लेखी सांगा आणि प्रत ठेवा. भोंग्याची तार किंवा मशीनच्या झाकणाचे कुलूप कोणी सांगितले तरी काढू नका. तो लेसर दिसत नाही, त्यामुळे पापणीही लवत नाही, आणि डोळा जातो. आणि माता-भगिनींनो, काही चिलरमध्ये इथिलीन ग्लायकॉल हे द्रव असते. चवीला गोड, पण विषारी. त्याचा रिकामा कॅन कितीही चांगला दिसला तरी पाणी भरायला घरी आणू देऊ नका.

त्या भगिनी परवा पुन्हा आल्या होत्या. मुलाने दोनशे पानी वही घेतली आहे म्हणाल्या. पहिल्या पानावर लिहिले आहे : रात्रपाळी, चिलर २२ अंश, पाणी पूर्ण. खाली त्याची सही.