परदेशांतील खातें आणि घरची शिकवण

शाळा सोडून गेलेलीं मुलें सुटींत गांवीं आलीं म्हणजे आम्हांस भेटावयास येतात, हा आमच्या व्यवसायांतील मोठा आनंद होय. गेल्या नाताळांत असाच एक जुना विद्यार्थी आला होता. तो जर्मनींत यंत्रशास्त्राचा अभ्यास करीत आहे. तेथें सर्वांत कठीण काय वाटलें, असें आम्हीं विचारिलें. थंडी, भाषा किंवा अन्न यांपैकीं कांहीं तरी तो सांगेल अशी आमची अपेक्षा होती. तो म्हणाला, "सर, बँकेंत खातें उघडणें." आम्हांस प्रथम हसूं आलें, परंतु त्याची हकीकत ऐकल्यावर तें मावळलें.

जर्मनींत शिकूं इच्छिणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यास व्हिसा मिळण्यापूर्वींच निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. शिष्यवृत्ति नसेल तर बहुधा एका वर्षाची रक्कम एका विशेष खात्यांत आगाऊ भरावी लागते. त्यास तिकडे 'श्पेर्कोन्टो' म्हणतात. आपण बंदिस्त खातें म्हणूं. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षास ११,९०४ युरो अशी ठरली. पैसा विद्यार्थ्याच्या नांवाचा, परंतु महिन्यास ९९२ युरोंहून अधिक काढण्याची त्यास सोय नाहीं. कित्येक आईबापांनीं जमीन किंवा दागिने गहाण टाकून ही रक्कम उभी केलेली असते. आम्हांस हा नियम कडक पण शहाणपणाचा वाटतो.

आतां हे महिन्याचे पैसे हातीं यावयाचे तर नित्याच्या व्यवहाराचें चालू खातें निराळें उघडावें लागतें, आणि गाडें येथेंच अडतें. पुष्कळ बँका म्हणतात, राहत्या पत्त्याची नगरकचेरींतील नोंद दाखवा. ही नोंद घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी असा कायदाच आहे. परंतु तीसाठीं घरमालकाचा लेखी दाखला लागतो. आणि घरमालक भाडें मागतो तें अनेकदां तेथील खात्यावरूनच! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं, तशांतला हा प्रकार.

पुढें आणखी एक गंमत. गंमत आम्ही आतां म्हणतों. त्या मुलास ती गंमत वाटली नसावी. बँकेचें कार्ड व त्याचा गुप्त अंक हीं वेगवेगळ्या पाकिटांतून टपालानें येतात, आणि तेथील पोस्टमन पेटीवरचें नांव पाहून पत्र टाकतो. अमक्याच्या घरीं राहतो असें गल्लींत विचारून पत्र पोंचविण्याची आपली रीत तिकडे नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें पेटीवर नांव लाविलें नव्हतें. पाकीट परत गेलें, आणि दहा-बारा दिवस तो मित्राच्या पैशांवर जेवला.

नांवाची अडचण याहून मोठी. पासपोर्टावर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरें; एकावर वडिलांचें नांव आहे, दुसऱ्यावर नाहीं; आणि कोणाच्या पासपोर्टांत तर आडनांवाची जागाच कोरी. तेथील कारकुनास हीं दोन माणसें वाटतात, व त्यांत त्याचा दोष नाहीं. या पापाचा कांहीं वांटा आम्हां शिक्षकांच्या माथीं आहे, कारण रजिस्टरांत नांव लिहितों तें आम्ही. दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वीं पालकांनीं एकदां ऑफिसांत येऊन स्पेलिंग डोळ्यांनीं पाहावें, ही विनंति.

तरी निराश होण्याचें कारण नाहीं. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशास अनुसरून जर्मनीनें केलेला कायदा जून २०१६ पासून अमलांत आहे. संघाच्या प्रदेशांत कायदेशीरपणें राहणाऱ्या कोणासही, कायमचा पत्ता नसला तरी, साधें मूलभूत खातें मागण्याचा हक्क त्यानें दिला आहे. अर्ज रीतसर असल्यास बँकेनें दहा कामाच्या दिवसांत खातें देऊं करावें, किंवा नकाराचें कारण कळवावें. हा हक्क ठाऊक असलेला मुलगा बँकेच्या खिडकीपाशीं निराळ्या आवाजांत बोलतो.

परंतु खरी परीक्षा खातें उघडल्यानंतर झाली. ओळखीच्या एका गृहस्थानें त्यास म्हटलें, "तुझ्या खात्यावर दोन हजार युरो येतील. शंभर तूं ठेव, बाकीचे मी सांगेन तेथें पाठीव." असे पैसे बहुधा फसवणुकीचे असतात, आणि चोराचा माग पुसण्यासाठीं गरजू विद्यार्थ्याचें खातें वापरतात. बुद्धिपुरस्सर नव्हे, केवळ घोर हयगयीनें असें केलें तरी जर्मन कायद्याप्रमाणें तो गुन्हा होतो. मुलानें नकार दिला, देवाची कृपा! पण तो आम्हांस म्हणाला, "सर, मी हो म्हणणारच होतों. घरीं माझ्या खात्यावरून बाबाच सगळे व्यवहार करीत. आपलें खातें दुसऱ्यानें वापरण्यांत कांहीं वावगें आहे असें मला वाटलेंच नव्हतें."

हें वाक्य आमच्या मनांतून जात नाहीं. आपण मुलांसाठीं लाखों रुपये जमवितों, पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानें पैसे भरण्याची स्लिप स्वतः कधीं लिहिलेली नसते. त्याच्या खात्यास मोबाईल नंबर वडिलांचा, कार्ड आईच्या पर्सांत, सही मात्र त्याची. मुलींच्या बाबतींत तर विचारूंच नये. आम्हीही निर्दोष नाहीं. शिष्यवृत्तीचे कागद वेळ वांचावा म्हणून आम्हीच बँकेंत नेऊन देत आलों आहों.

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणें दहा वर्षांवरील मुलास बँकेनें ठरविलेल्या मर्यादेंत स्वतःचें बचत खातें उघडून स्वतः चालवितां येतें. मुलें पैसे उधळतील, असें पालक म्हणतील. दहाव्या वर्षीं पन्नास रुपये उधळले तर घरांत बोलणीं बसतात. विसाव्या वर्षीं परमुलखांत चूक झाली तर समजावयास जवळ कोणी नसतें. भीतीपोटीं धन्याचा पैसा जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आम्ही वर्गांत दरवर्षीं शिकवितों. आपल्याच घरीं ती कोणास लागू पडते हें मात्र पाहत नाहीं.

जूनपासून नववीच्या वर्गास स्लिप व चेक लिहिण्याचा सराव देण्याचें आम्हीं ठरविलें आहे. पालकांनीं मुलास बँकेंत न्यावें व आपण बाहेरच्या बांकावर बसावें. स्लिपेंत चूक झाली तर कारकून ती परत करील; करूं द्यावी.