नऊ माणसं आणि सात पट्टे

परवा आमच्या घरी जमिनीवर दोन नकाशे पसरले होते. एक आपल्या गोंदिया जिल्ह्याचा, शाळेतून आणलेला. दुसरा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याचा, मुलांनी वहीच्या चार पानांना डिंक लावून स्वतः काढलेला. आणि मध्ये आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा.

झालं असं, की माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. ती माझ्या मुलांची आत्या, आणि मोठ्या ताईच्या मुलांची मावशी. त्यामुळे फोन आला की 'आत्या, आत्या', 'मावशी, मावशी' असा जो गोंधळ चालतो, त्यात बिचारीला 'हॅलो' म्हणायलाही सवड मिळत नाही. तर ती, तिचे यजमान आणि तीन वर्षांची चिमुरडी असे तिघं फिनिक्स शहरातून भाड्याची मोटार घेऊन ग्रँड कॅन्यन बघायला निघणार होते. ग्रँड कॅन्यन म्हणजे कोलोरॅडो नदीने कोरलेली प्रचंड घळ. लांबी ४४६ किलोमीटर आणि खोली काही ठिकाणी दीड किलोमीटरहून जास्त!

इकडे सुट्टीत आमचंही नवेगावबांधला जायचं घाटत होतं. मग मुलं म्हणाली, दोन्ही सहली आपणच आखू.

दोऱ्याने अंतर मोजायची युक्ती तुम्हाला ठाऊक असेलच. नकाशावरच्या रस्त्याच्या वळणावळणावर दोरा बसवायचा, मग सरळ करून पट्टीवर ठेवायचा आणि प्रमाणाने गुणायचं. गोंदिया, गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध : सुमारे ६५ किलोमीटर. फिनिक्स ते ग्रँड कॅन्यन : २३० मैल. मैलाला १.६ ने गुणा, म्हणजे ३६८ किलोमीटर आले. "बापरे, पाच नवेगावबांध!" असं माझा सहा वर्षांचा मुलगा ओरडला. खरं तर साडेपाचाच्याही वर, पण त्याचा भागाकार अजून झालेला नाही.

रस्त्यांच्या क्रमांकाची एक गंमत भाचीने शोधून काढली. ती नववीत आहे, नकाशा दिसला की तिला दुसरं काही दिसत नाही. आत्या आधी १७ क्रमांकाच्या मोठ्या रस्त्याने उत्तरेला जाणार, मग ४० क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेला वळणार. तिकडे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना विषम क्रमांक असतात आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना सम. आता आपलं पाहा. कोहमाऱ्याहून जाणारा आपला ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पूर्व-पश्चिम धावतो. (घरातले मोठे अजून त्याला 'सहा नंबर'च म्हणतात, कारण २०१० साली क्रमांक बदलले.) आणि श्रीनगरहून नागपूरमार्गे कन्याकुमारीला जाणारा ४४. म्हणजे आपल्याकडे बरोबर उलटं! गाडीही ते उजवीकडून चालवतात आणि आपण डावीकडून. बहीण म्हणाली, "दादा, पहिल्या दिवशी मी वळायला म्हणून दांडी ओढली, अन् कडक उन्हात काचेवरचे वायपर सुरू झाले."

मग भाड्याचा हिशेब. तिकडे बहुतेक नुसती मोटार मिळते, चालक मिळत नाही. पेट्रोल आपलं, आणि परत देताना टाकी भरून द्यायची. चालवणारा पंचविशीच्या आतला असेल तर बऱ्याच कंपन्या रोजचे जादा पैसे घेतात. आपल्याकडे चालक आणि डिझेलसकट किलोमीटरमागे दर ठरतो. आमच्या गाडीवाल्याने चौदा रुपये सांगितले आणि चालकाचा भत्ता तीनशे. मुलांनी लगेच गणित मांडलं. जाणं-येणं १३०, आणि तिथून गोठणगाव, इटियाडोह धरणाकडची फिरती ५०. एकूण १८० गुणिले १४ म्हणजे २५२० आणि वर तीनशे. झाले २८२० रुपये!

नाही झाले. गाडी ठरवताना एक प्रश्न विचारायचा राहिला, तर हिशेब असा फसतो. मी पुन्हा फोन केला. "गुरुजी, दिवसाचे कमीत कमी अडीचशे किलोमीटर लागतेतच. अन् मीटर माझ्या दारापासून सुरू." म्हणजे ३५०० अधिक ३००. सगळ्यांची तोंडं उतरली. दुसरा प्रश्न पाटीचा. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने द्यायची परवानगी नसते. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी हवी. त्याची पिवळी होती.

"अन् माणसं किती?" त्याने विचारलं.

"नऊ."

"होऊन जाते न गुरुजी! लेकरं मांडीवर. काय टेन्शन घेता?"

मी 'बरं' म्हणालो. खोटं कशाला सांगू, म्हणालो. ३८०० च्या वर दुसऱ्या गाडीचे पैसे काढायची माझी तयारी नव्हती.

त्याच संध्याकाळी अमेरिकेतून फोन आला. मोटार एक दिवस उशिरा मिळणार होती, कारण चिमुरडीसाठी मागितलेली लहान मुलांची वेगळी खुर्ची आली नव्हती. त्या खुर्चीशिवाय एवढ्या लहान मुलाला मोटारीत बसवणं तिकडे कायद्याने चालत नाही. माझी चौथीतली लेक शांतपणे ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बाबा, आपल्या गाडीत पट्टे किती?"

सात. त्यातला एक चालकाचा. उरले सहा, आणि आम्ही नऊ.

मित्रांनो, मी डी.एड.ला होतो तेव्हाची गोष्ट. लग्नाहून परत येताना काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आम्ही सोळा जण कोंबलेलो. मी मागे लटकलो होतो आणि मोठी ऐटही वाटत होती. एका वळणावर जीप कलली आणि धानाच्या बांधीत आडवी झाली. चिखल होता म्हणून सगळे वाचलो, पण माझ्या मावसभावाचा हात मोडला. आजही तो हात खांद्याच्या वर जात नाही. हे मला आठवत होतं, तरी मी 'बरं' म्हणालो होतो.

आता सोडून कुणाला जायचं? भाऊजी म्हणाले, मी राहतो. ताई म्हणाली, मग मीही राहते. आई काहीच बोलेना, तेव्हाच मला कळलं की ती मनातून स्वतःचं नाव वगळून मोकळी झाली आहे. भाची नकाशावर वाकलेलीच होती. तिने एक बारीक काळी रेघ बोटाने दाखवली. गोंदियाहून सौंदड, अर्जुनी, वडसा करत बल्लारशाहला जाणारी रेल्वे! तिच्यावर देवलगाव स्टेशन आहे, नवेगावबांधच्या अगदी जवळ. तिघं रेल्वेने आणि सहा गाडीने. स्टेशनवरून तलावापर्यंत गाडीच्या दोन फेऱ्या. अडीचशेचे पैसे देतोच आहोत, १८० च लागणार, मग या फेऱ्या फुकटच पडल्या की!

"आणि गोठणगावला?" भाच्याने विचारलं. तेही ठरलं. सहा जणांनी गोठणगावला जायचं, तिथली १९७२ पासूनची तिबेटी वसाहत आणि धरण बघून यायचं. तोवर तिघांनी तलावाकाठी सावलीत बसायचं. हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधवला. डोंगरांच्या मधल्या फटी बुजवून अकरा चौरस किलोमीटरचं पाणी अडवलं! तिथे बसून राहणं ही काही शिक्षा नव्हे. पण गंमत बघा, आता रेल्वेत बसण्यासाठी चौघांही मुलांची भांडणं लागली. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. जाताना आई, ताई आणि भाचा. येताना आई, भाऊजी आणि माझी लेक. आईची चिठ्ठी टाकलीच नाही, तिचे गुडघे गाडीत दुमडत नाहीत.

त्या दिवशी सकाळी गाडी आली, तर मागच्या बाकाचे दोन पट्टे सीटखाली दबलेले. कधी कुणी लावलेच नसतील! चालकदादा हसत होते. माझी लेक मात्र हात घालून ओढत राहिली. पट्ट्यांबरोबर शेंगांची टरफलं, एक कंगवा आणि दोन रुपयांचं नाणं निघालं. या उद्योगात वीस मिनिटं गेली. पुढे कोहमाऱ्याला चहा झाला, त्यात आणखी थोडी.

देवलगावला पोचलो तर आई स्टेशनवरच्या बाकावर पाय पसरून बसली होती. चिवड्याचा डबा निम्मा रिकामा झाला होता.

"किती उशीर केला रे," ती म्हणाली, "आमची गाडी तर कधीची येऊन गेली!"