सनस्क्रीन आणि ग्राहकाचा विश्वास

ज्या वस्तूनें रक्षण व्हावें, तिच्यांतच अपायाचें बीज निघावें, यापरती खेदाची गोष्ट कोणती? अमेरिकेंत सनस्क्रीनच्या, म्हणजे तीव्र उन्हापासून त्वचा राखणाऱ्या लेपाच्या, बाबतींत असेंच घडलें. २०२१ च्या मे महिन्यांत व्हॅलिशुअर नांवाच्या स्वतंत्र प्रयोगशाळेनें अशा व तत्सम मालाचे २९४ नमुने तपासून ७८ नमुन्यांत बेंझीन असल्याचें सरकारच्या अन्न व औषध खात्यास कळविलें. बेंझीनमुळें रक्ताचा कर्करोग होतो, हें शास्त्रसिद्ध आहे. जुलैंत जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीस आपल्या तपासणींतही कांहीं फवाऱ्याच्या सनस्क्रीनमध्यें तें आढळलें, व तिनें पांच प्रकारचा माल परत बोलाविला. बेंझीन हा आपल्या मालाचा घटक नव्हे, व सांपडलेल्या अल्प प्रमाणानें अपाय संभवत नाहीं, असें तिचें म्हणणें होतें.

यावर ग्राहकांनीं खटले भरले; ते फ्लॉरिडांतील न्यायालयांत एकत्र करण्यांत आले. आपण आजारी पडलों, अशी त्यांची तक्रार नव्हती. निर्धोक म्हणून जिचे दाम मोजले ती वस्तु आपणांस मिळाली नाहीं, एवढेंच त्यांचें गाऱ्हाणें होतें. कोणी म्हणेल, इजाच झाली नाहीं, तर फिर्याद कसली? आमच्या मतें हा आक्षेप वरवरचा आहे. गवळ्यानें दुधांत घातलेल्या पाण्यानें कोणी आजारी पडलें नाहीं, म्हणून गवळी निर्दोष ठरत नाहीं. येथें कोणी जाणूनबुजून भेसळ केली, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु माल शुद्ध आहे कीं नाहीं हें पाहण्याचा भार विकणाऱ्यावर असतो, घेणाऱ्यावर नव्हे. शिवाय बेंझीनचा परिणाम कित्येक वर्षांनीं प्रगट होतो. रोग होईपर्यंत थांबा, असें म्हणणें म्हणजे पुरावा बुडाल्यावर न्याय मागा, असेंच म्हणणें होय.

तडजोडींत ग्राहकांस त्याच कंपनीचा माल घेण्याच्या चिठ्ठ्या देऊं करण्यांत आल्या. ज्या दुकानानें निराशा केली, त्याच दुकानाची वाट दाखविणारी ही भरपाई आम्हांस तोकडी वाटते. मात्र कच्च्या व तयार मालाची तपासणी करण्याचें कंपनीनें मान्य केलें, हें या खटल्यांचें खरें फळ होय. कारण त्याचा लाभ फिर्याद न करणाऱ्यांसही मिळतो.

विद्यार्थीमित्रहो, यावरून सनस्क्रीनच टाकून द्यावें, असा अर्थ कृपा करून काढूं नका. प्रखर उन्हानेंही त्वचेचा कर्करोग होतो. बोध इतकाच, कीं वेष्टनावरील मजकूर वाचावा, पावती जपून ठेवावी आणि शंका आल्यास निर्भयपणें प्रश्न विचारावा. हा दोष प्रथम उजेडांत आणला तो एका खासगी प्रयोगशाळेनें. तुम्हांपैकीं कोणी उद्यां रसायनशास्त्राचा पंडित झाल्यास आपली विद्या अशाच कामीं लावील, अशी आम्ही आशा करितों.