सीपॅप यंत्र आणि वैद्याचे कर्तव्य

नवलाख उंबरे परिसरात कारखाने आल्यापासून रात्रपाळीचे कामगार व अवजड वाहनांचे चालक आमच्याकडे मोठ्या संख्येने येतात. त्यांतील एका स्थूल चालकास तज्ज्ञांनी निद्राश्वसनरोधाचे निदान करून सीपॅप यंत्र दिले होते. तीन आठवड्यांत ते फडताळात गेले. "वैद्यराज, तुमचे औषध द्या, ते यंत्र नको," ही त्यांची विनंती. अशा वेळी होकार देणे सोपे असते. परंतु ते रुग्णहिताचे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या व्याधीत झोपेत घशाचा मार्ग वारंवार मिटतो व रक्तातील प्राणवायू घटतो. माधवनिदानात मेदोरोगाच्या लक्षणांत आलेले 'क्रथन' येथे आठवावे. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी प्रसिद्ध केलेली ही पद्धती हवेच्या दाबाने मार्ग उघडा ठेवते, रोग समूळ घालवीत नाही. म्हणूनच मुखवटा काढला की अवरोध परततो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा रुग्णालयाने दिलेल्या कारणांत हीच व्याधी होती.

चरकाचार्यांनी रुग्णाच्या गुणांत 'निर्देशकारित्व' सांगितले आहे. परंतु येथे रुग्णास आपले दुखणे दिसतच नाही. त्या वेळी तो निद्रिस्त असतो. साक्षीदार असते ती पत्नी. तेव्हा केवळ रुग्णास दोष देणे अन्यायाचे ठरेल. परिचारकाचा 'अनुराग' हाही चिकित्सेचाच भाग आहे. आम्ही त्या चालकाच्या पत्नीस बोलावून घेतले. नाक चोंदत असल्याने त्यावर उपचार केले, मुखवट्याचे माप तज्ज्ञांकडून बदलून घेतले आणि दिवसा जागेपणी अर्धा तास तो लावून बसण्याची सवय लावली. यंत्रातील तासांची नोंद पत्नी वहीत करू लागली. रात्री चार तास हे प्रचलित किमान मोजमाप. ध्येय मात्र संपूर्ण झोपेचे असावे. महिन्याभरात "गाडीवर डुलकी येत नाही," असे ते स्वतःच म्हणाले. महामार्गावर ही डुलकी इतरांच्याही जिवावर बेतते, हे विसरू नये.

मेदोहर आहार, व्यायाम, मद्यत्याग, कुशीवर झोपणे हे आपले क्षेत्र आहेच. वजन उतरल्यावरही पुन्हा निद्रापरीक्षण झाल्याविना यंत्र सोडण्याचा सल्ला देऊ नये. निद्रा हा त्रयोपस्तंभांपैकी एक. तो सावरणारे साधन परके मानण्याचे कारण नाही. वैद्यबंधूंनी प्रत्येक भेटीत "काल रात्री किती तास?" एवढे तरी अवश्य विचारावे, ही नम्र विनंती.