दुसऱ्या घराचा हिशोब



दिवाळीचा फराळ असो की कोणाच्या मुलाचा वाढदिवस, आइंडहोवन-फेल्डहोवनकडची आपली मंडळी जमली आणि जेवणं आटोपली, की गप्पा हमखास घरांवर येतात. पूर्वी प्रश्न असायचा, "दुसरं घर घेऊन भाड्याने द्यावं का?" आता सूर बदलला आहे. "या सरकारने आपल्यासारख्या छोट्या घरमालकांची वाट लावली," असं कोणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. मीही एक छोटी घरमालकीण आहे. पण मान डोलावणं मला जमत नाही. का जमत नाही, ते माझ्या पहिल्या काही वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

आम्ही हे दुसरं घर घेतलं २०१६ साली. २००८ ते २०१३ या काळात इथल्या घरांच्या किमती सुमारे २० टक्क्यांनी उतरल्या होत्या आणि नुकत्याच पुन्हा चढू लागल्या होत्या. बचत खात्यावर व्याज जवळजवळ शून्य. आइंडहोवनमध्ये ५६ चौरस मीटरचा, साठच्या दशकातल्या इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट आम्हाला १ लाख ४५ हजार युरोंना मिळाला. एजंट म्हणाला, "९२५ युरो भाडं सहज येईल." नवरा आणि मी, दोघेही आकडेमोडीची सवय असलेली माणसं. एक्सेलमध्ये मांडलं: वर्षाला ११,१०० युरो, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर परतावा! मी पदार्थविज्ञानातली संशोधक. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने इतका गुळगुळीत निकाल आणला असता तर मी पहिल्यांदा विचारलं असतं, "यात काय मोजायचं राहिलं?" घराच्या बाबतीत विचारलं नाही.

राहिलं होतं बरंच. पहिली गोष्ट कर्जाची. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या गृहकर्जावरचं घर बँकेच्या परवानगीशिवाय भाड्याने देता येत नाही आणि भाड्याच्या घरासाठीचं कर्ज वेगळं व महाग असतं. हे कळल्यावर आम्ही बहुतेक सगळी बचत ओतली आणि उरलेली रक्कम दिराकडून घेतली. दुसरी गोष्ट सोसायटीची. इथे तिला व्हीव्हीई म्हणतात आणि घर घेतलं की तुम्ही आपोआप तिचे सभासद होता. आमच्या जिन्यावर आठ घरं. महिना १३० युरो वर्गणी होती, पण तिजोरीत जवळपास काही नव्हतं. दुसऱ्याच वर्षी छप्पर बदलायची वेळ आली आणि आमच्या वाट्याला साडेसहा हजार युरो आले. (२०१८ पासून कायद्याने अशा संघांना दुरुस्तीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला ठेवावीच लागते. घर बघताना स्वयंपाकघराच्या आधी या संघाचे हिशोब मागा, हा माझा पहिला फुकटचा सल्ला.) त्यातच पहिला भाडेकरू गेल्यावर दोन महिने घर रिकामं राहिलं, आणि गरम पाण्याचा बॉयलर नेमका जानेवारीत बंद पडला. साडेसात टक्के कधीच विरघळले होते.

हे सगळं पैशाचं. ते शिकता येतं, सोसताही येतं. खरा धडा २०१९ साली मिळाला.

त्या वर्षी आम्ही घर एका मराठी जोडप्याला दिलं. ती सांगलीकडची, इथे पीएचडीला आलेली. तो तिच्यामागोमाग आलेला, अजून नोकरीच्या शोधात. आम्ही खूश! आपली माणसं, घर नीट ठेवतील, भाडं वेळेवर देतील, दोन गोष्टी सांभाळून घेतील. ती मला ताई म्हणायची. गणपतीत मोदक घेऊन आली होती. भाडं तेच, ९२५.

पाचव्या महिन्यात भाडे आयोगाचं, म्हणजे ह्यूरकोमिसीचं, पत्र आलं. तिने आमच्या भाड्याची तपासणी मागितली होती.

मला आलेला राग आज आठवला तरी लाज वाटते. "आपल्याच माणसाने!" हे माझे पहिले शब्द होते. मी तिला फोन केला आणि म्हटलं, "अगं, अडचण होती तर मला सांगायचंस. मी काय परकी आहे? आपण काहीतरी कमी केलं असतं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही कमी केलं असतंत, खात्री आहे मला. पण मग ते उपकार झाले असते. मी फक्त इथला नियम काय आहे ते विचारलं."

नियम काय आहे, हे मी तोपर्यंत वाचलंच नव्हतं. या देशात १९७९ पासून घरांना गुण देण्याची पद्धत आहे. दर चौरस मीटरला इतके गुण, हीटिंगला इतके, स्वयंपाकघराच्या ओट्याच्या लांबीला इतके, ऊर्जेच्या लेबलला इतके, नगरपालिकेने ठरवलेल्या किमतीला इतके. एका मर्यादेच्या वर गुण असले तर भाडं मालकाने ठरवावं. खाली असले तर जास्तीत जास्त भाडं तक्त्यात लिहिलेलं. आणि करारात काहीही लिहिलेलं असो, नव्या भाडेकरूला पहिल्या सहा महिन्यांत सुरुवातीच्या भाड्याची तपासणी मागता यायची. एजंटने "बाजारभाव" सांगितला होता, आणि बाजारभाव म्हणजेच कायदा असं आम्ही धरून चाललो होतो.

आयोगाचा माणूस येऊन खोल्या मोजून गेला. आमच्या घराला मिळाले ११८ गुण. मुक्त भाड्याच्या मर्यादेपेक्षा बरेच खाली. भाडं सहाशेच्या आसपास आलं, तेही करार सुरू झाल्या दिवसापासून. नऊ महिन्यांच्या फरकाचे जवळजवळ तीन हजार युरो आम्ही परत केले.

त्या रात्री मी एक वेगळाच हिशोब मांडला. तिचा हातात येणारा पगार होता अठराशे-एकोणीसशे युरो. म्हणजे अर्धा पगार ती आम्हाला देत होती. मी स्वतः २००७ साली डेल्फ्टला डॉक्टरेट करत होते तेव्हा एका ओलसर खोलीसाठी असंच भाडं भरायचे आणि मालकाला मनातल्या मनात शिव्या घालायचे. बारा वर्षांत मी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले होते आणि मला ते कळलंही नव्हतं. आमच्या एक्सेलमध्ये छप्पर नव्हतं, बॉयलर नव्हता, हे नंतर लक्षात आलं. पण भाडेकरूचा पगारही त्यात नव्हता, हे लक्षात यायला सरकारी पत्र यावं लागलं.

आणि ते "आपलं माणूस"! परदेशात आपण एकमेकांना धरून असतो, ते चांगलंच आहे. पण मालक आणि भाडेकरू यांच्यात तो शब्द आला की तो बहुतेक वेळा मालकाच्या सोयीचा असतो. आपलं माणूस तक्रार करत नाही, पावती मागत नाही, नळ गळला तरी दोन आठवडे थांबतं. त्या मुलीने ताई हे नातं ठेवलं आणि हिशोब वेगळा ठेवला. जे मला आधी सुचायला हवं होतं, ते तिने केलं.

आता आजच्या तक्रारीकडे येते. १ जुलै २०२४ पासून नेदरलँड्समध्ये परवडणाऱ्या भाड्याचा कायदा लागू झाला. मधल्या गटातली, म्हणजे १४४ ते १८६ गुणांची घरंही नव्या करारांसाठी भाडेमर्यादेत आली. गुणांचा तक्ता करारासोबत देणं २०२५ पासून मालकावर बंधनकारक झालं. १ जुलै २०२४ पासूनच, काही अपवाद सोडता, करार बेमुदत झाले. त्याआधीच २०२२ पासून, स्वस्त घरं भाड्याने देण्यासाठी विकत घेण्यावर नगरपालिकांना बंदी घालता येऊ लागली होती. आम्ही घर घेतलं तेव्हा मुद्रांक शुल्कासारखा कर २ टक्के होता. स्वतः न राहणाऱ्यांसाठी तो २०२१ मध्ये ८ आणि २०२३ मध्ये १०.४ टक्के झाला, २०२६ पासून पुन्हा ८. शिवाय २०२५ साली दुसऱ्या घरावर ५.८८ टक्के उत्पन्न गृहीत धरून त्यावर ३६ टक्के कर होता. प्रत्यक्ष परतावा कमी असल्याचं दाखवता येतं, पण त्यात न विकलेल्या घराची वाढलेली किंमतही मोजली जाते.

छोटे मालक हैराण झाले यात खोटं काही नाही. बरेच जण घरं विकताहेत. ती घरं पहिल्यांदा घर घेणाऱ्या तरुणांना मिळतात, हे चांगलं. पण ज्याला कर्ज मिळू शकत नाही, जो इथे दोन वर्षांच्या कामासाठी आला आहे, त्याच्यासाठी भाड्याचं एक घर कमी होतं. नव्याने येणारे आपले तरुण यातच मोडतात. कर आणि भाडेमर्यादा यांचा एकत्र हिशोब सरकारने नीट केला नाही, ही टीका मला रास्त वाटते.

पण "भाडेनियंत्रण म्हणजे मुंबईची वाट" असं कोणी म्हणालं की मात्र मी थांबवते. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली, आणि ती दशकानुदशकं तशीच राहिली. मालकाने दुरुस्ती सोडली, पागडी आली, चाळी टेकूंवर उभ्या राहिल्या. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य ठरल्याचं सांगितलं, आणि २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. तिथे चूक भाडं ठरवण्यात नव्हती. ठरवलेलं भाडं घराच्या अवस्थेपासून आणि काळापासून तोडण्यात होती. इथला तक्ता दरवर्षी सुधारला जातो, आणि घर सुधारलं तर गुण वाढतात.

हे मी अनुभवाने सांगते. २०२३ मध्ये त्या दोघांनी स्वतःचं घर घेतलं. आम्ही विकायच्या विचारात होतो. पण त्याच सुमारास व्हीव्हीईच्या सभेत बऱ्याच वादावादीनंतर भिंती आणि छताचं इन्सुलेशन मंजूर झालं. आम्ही खिडक्यांना नवी दुहेरी काच बसवली, बाथरूम नवं केलं. ऊर्जेचं लेबल एफ होतं ते ए झालं. किंमतही वाढली होती. २०२४ च्या शरद ऋतूत नवा करार केला तेव्हा गुण भरले १४८, आणि भाडं आलं नऊशेच्या थोडं वर. म्हणजे जवळपास तेच, जे आम्ही पूर्वी गार, गळक्या खिडक्यांच्या घराचं घेत होतो! फरक एवढाच, की या वेळी ते कुठून आलं याचा कागद भाडेकरूच्या हातात आहे. खर्च वजा जाता आम्हाला फार उरत नाही. मुदत ठेवीपेक्षा थोडं बरं, आणि डोकेदुखी जास्त. झटपट श्रीमंत व्हायचं असेल तर या वाटेला जाऊ नका, हा माझा दुसरा फुकटचा सल्ला.

शेवटी एक प्रश्न स्वतःलाही आणि तुम्हालाही. २०११ च्या जनगणनेत भारताच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली. त्यातलं एक आमचं होतं, पुण्यात वाकडला. "भाडेकरू ठेवला तर बळकावून बसेल" या जुन्या भीतीपोटी सासऱ्यांनी ते कुलूपबंद ठेवलं होतं, आणि आम्हीही वर्षातून दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी ते तसंच राहू दिलं. इथे घरटंचाईवर तावातावाने बोलणारे आम्ही! गेल्या वर्षी ते एका शिक्षक कुटुंबाला रीतसर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करून दिलं. भाडं किती घ्यायचं ते ठरवायला तिथे गुणांचा तक्ता नव्हता. म्हणून नवऱ्याने पहिल्यांदा त्यांना एकच गोष्ट विचारली, "तुमचा पगार किती?" त्याच्या तिसऱ्या भागावर आम्ही थांबलो.

हेही उपकारच झाले, हे मला कळतं. तिथला भाडेकरू आमच्या मर्जीवर आहे, इथला नाही. म्हणून मला दोन्हीकडे कायदाच हवा आहे. चांगला मालक मिळणं हा नशिबाचा भाग असू नये, आणि मी चांगली आहे की नाही हे माझ्या मूडवर अवलंबून असू नये.

तुमचं दुसरं घर कुठे आहे, आणि त्यात आज कोण राहतं?