निर्वासितांची मदत आणि धर्मांतराचा आरोप

अमेरिकेतील ‘कॅथलिक चॅरिटीज’ परधर्मीय निर्वासितांना मदत करते ती धर्मांतरासाठीच, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी ठामपणे लिहिले आहे. त्यांनी भूतानी निर्वासितांचे उदाहरण तपासायला हवे होते.

१९९०च्या सुमारास भूतानने हाकललेले हे नेपाळीभाषक लोक, बहुतेक हिंदू, पूर्व नेपाळात झापा-मोरंगच्या छावण्यांत वर्षानुवर्षे अडकले होते. २००८पासून ते मोठ्या संख्येने अमेरिकेत आले, तेव्हा अनेक शहरांत त्यांना वसवण्याचे काम या संस्थेच्या स्थानिक शाखांकडे होते. काम तरी कसले? भाड्याचे घर, गाद्या-भांडी, सोशल सिक्युरिटी कार्ड, मुलांचे शाळेत नाव घालणे, पहिली नोकरी. सुरुवातीच्या ९० दिवसांत यातले बरेचसे उरकायचे. (बाप्तिस्म्याला सवड काढायची कधी?) शिवाय यातला मोठा पैसा सरकारी, आणि थेट सरकारी अनुदानातून धर्मप्रचार करायला तिथे मनाई आहे.

काही भूतानी पुढे ख्रिस्ती झाले, हे खरे. पण मदतीची ती अट नव्हती. ओहायो-पेनसिल्व्हेनियात याच लोकांनी मंदिरेही उभारली.

टीका करायचीच तर सरकारी पैशावरच्या भिस्तीवर करावी. २०२५मध्ये हा निधी अडला. मग तिथल्या कॅथलिक बिशप परिषदेने निर्वासितांसाठीचे सरकारी करार पुढे न चालवण्याचे ठरवले आणि अनेक शाखांत कर्मचारीकपात झाली.

— एक वाचक, डोंबिवली